फुगा फुगतो, पण नस उघडत नाही

एका मुलीने वडिलांविषयी विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, जरा वाढलेलं. जिना चढताना छातीत दडपण यायचं म्हणून अँजिओग्राफी केली. एलएडीत, म्हणजे हृदयाच्या समोरच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या नसेत, लांबलचक ब्लॉक निघाला आणि रिपोर्टात 'हेवी कॅल्सिफिकेशन', म्हणजे नसेत कॅल्शियमचा जाड कडक थर, असे शब्द आले. डॉक्टर म्हणाले, साध्या फुग्याने हे उघडेलसं वाटत नाही, रोटा, म्हणजे फिरत्या यंत्राने आतून कॅल्शियम घासणं, करावा लागेल, धोका नेहमीपेक्षा थोडा जास्त. 'हृदयात ड्रिल' हे ऐकल्यापासून आईने जेवण सोडलंय. रोटा खरंच लागतो का, थेट स्टेंट टाकून भागणार नाही का, शॉकवेव्ह नावाचं नवं तंत्र जास्त सुरक्षित म्हणतात ते का नाही, आणि एवढं सगळं असेल तर बायपासच बरी का, असे चार प्रश्न आहेत.

मी वीसेक वर्षं कॅथलॅबमध्ये उभा राहून हेच काम करतोय. चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण माझ्या क्रमाने. कारण खरा प्रश्न रोटा करायचा की नाही हा नाहीच. स्टेंट पूर्ण उघडेल का, हा आहे.

सुरुवातीच्या काळातली माझी एक केस सांगतो. साठीतले गृहस्थ, उजव्या नसेत ब्लॉक, कडेने कॅल्शियमच्या रेघा दिसत होत्या. लहान फुगा आत गेला, थोडा फुगला, रस्ता झालासा वाटला. मी स्टेंट टाकला. स्टेंटचा फुगा दोन्ही टोकांना गुबगुबीत झाला आणि मधोमध कंबर आवळल्यासारखा तसाच राहिला. कुत्र्यांना देतात त्या हाडाच्या आकाराचा. दाब वाढवत नेला, आणखी कडक फुगा आणला, २० च्या वर ॲटमॉस्फिअर दिले, कंबर हलली नाही. शेवटी 'ठीक आहे, प्रवाह चांगला आहे' असं स्वतःला समजावून थांबलो. आठ महिन्यांनी ते त्याच दुखण्याने परत आले. आवळलेल्या जागीच स्टेंट आतून बुजत आला होता.

ती चूक परत न घेता येणारी होती. फुगा बाहेर काढता येतो, तार काढता येते, रोटाचा फिरणारा दाणा, म्हणजे बर, काढता येतो. एकदा भिंतीत रुतलेला स्टेंट काढता येत नाही. आणि त्याच्या बाहेर जो कॅल्शियमचा दगड राहिला, त्याच्याशी नंतर लढायचं म्हणजे आता मध्ये धातूची जाळी घेऊन लढायचं. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा आणि तो पुन्हा आक्रसण्याचा धोका जास्त असतो, हे आमच्या शास्त्रातल्या सगळ्यात पक्क्या गोष्टींपैकी एक आहे. म्हणून थेट स्टेंट टाकून भागणार नाही का, याचं उत्तर सरळ आहे: आधी कडक फुगा त्या जागी पूर्ण उघडून दाखवला पाहिजे. नाही उघडला, तर स्टेंटचं पाकीटसुद्धा फोडायचं नाही.

आता हे कॅल्शियम येतं कुठून. लोकांना वाटतं, पाण्याच्या पाइपात क्षार साठतात तसं आत काही साठलंय, खरवडून काढलं की झालं. तसं नाही. हा थर नसेच्या भिंतीतच असतो. चरबी, सूज आणि मेलेल्या पेशी यांच्या गाठोड्यात वर्षानुवर्षं कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक बसत जातात, भिंतीतल्या स्नायुपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. रसायन तेच, जे आपल्या हाडांत असतं. वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार ही तीन मुख्य कारणं, डायलिसिसवरच्या रुग्णांत तर फारच. तुमच्या वडिलांकडे यातली दोन पूर्ण आणि तिसऱ्याची सुरुवात आहे, तेव्हा रिपोर्टातल्या शब्दांचं मला नवल वाटलं नाही.

डाय, म्हणजे नस एक्स-रेत दिसावी म्हणून सोडायचं औषध, सोडण्याआधी पडद्यावर नुसता एक्स-रे चालू केला, की अशी नस आपोआप दिसते. दोन समांतर काळपट रेघा, रेल्वेच्या रुळांसारख्या, ठोक्याबरोबर हलणाऱ्या. हे दिसलं की कॅथलॅबमधली सगळी मंडळी जरा सरसावून उभी राहतात. पण उलट खरं नाही, रूळ दिसले नाहीत म्हणजे कॅल्शियम नाही असं म्हणता येत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून जास्त ब्लॉक तपासलेल्या एका अभ्यासात आयव्हसला, म्हणजे नसेच्या आतून केलेल्या सोनोग्राफीला, ७३ टक्के ठिकाणी कॅल्शियम दिसलं. अँजिओग्राफीला फक्त ३८ टक्के ठिकाणी.

म्हणून मी अशा केसमध्ये आतून चित्र घेतल्याशिवाय पुढे जात नाही. आयव्हसमध्ये कॅल्शियम पांढरंशुभ्र चमकतं आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. घेर किती हे कळतं, जाडी कळत नाही. ओसीटी हा आतून चित्र घेण्याचा दुसरा प्रकार प्रकाशावर चालतो, ते कॅल्शियमच्या आरपार बघतं, जाडीही मोजून देतं. मात्र ओसीटीला जास्तीचा डाय लागतो, आणि वडिलांचं क्रिएटिनिन वाढलेलं असताना मी बहुधा आयव्हसच निवडेन. ओसीटीवरून मोजायचा एक सोपा हिशेब आहे: घेर निम्म्याहून जास्त, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त, लांबी ५ मिलिमीटरहून जास्त. तिन्ही जमून आले, की कॅल्शियम आधी फोडल्याशिवाय स्टेंट नीट उघडणार नाही असं धरून चालावं. याहून कमी असेल तर कडक फुग्यावर बहुतेक वेळा भागतं. आणि कधी कधी चित्र घेणारी नळीच त्या जागेतून पुढे जात नाही. तेव्हा कुठलंही चित्र न घेता उत्तर मिळालेलं असतं, रोटा.

आता त्या 'ड्रिल'कडे येतो. आईला हे वाचून दाखवा.

रोटाचा जो भाग नसेत फिरतो त्याला बर म्हणतात. हातात घेतला तर ऑलिव्हच्या बीएवढासुद्धा नाही, सव्वा किंवा दीड मिलिमीटर व्यासाचा पितळी लंबगोल दाणा. बोट फिरवलं तर पुढचा अर्धा भाग बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो, मागचा अर्धा गुळगुळीत. खरखर म्हणजे साधारण २० मायक्रॉनचे हिऱ्याचे कण. दाबाखालच्या वायूने एक छोटं टर्बाइन फिरतं, आणि लांबलचक लवचीक दांड्यातून तो वेग बरपर्यंत पोचतो, मिनिटाला सुमारे १ लाख ४० हजार ते १ लाख ८० हजार फेरे. बर एका तारेवरून सरकतो. ही तार ०.००९ इंच जाड, केसाच्या दोन-तीन पट जाड म्हणा. तार आधी ब्लॉकच्या पलीकडे गेली पाहिजे. ती गेली नाही तर रोटाही नाही.

यात भोक पाडणं नाही, घासणं आहे. हाडाचं प्लास्टर कापायची मशीन पाहिलीय ना? ती प्लास्टर कापते आणि खालच्या त्वचेला लागत नाही, कारण त्वचा मऊ आहे, दबते, हलते, आणि प्लास्टर हलत नाही. रोटाचं तत्त्व त्याच जातीचं आहे. नसेची निरोगी भिंत लवचीक, ती बाजूला सरते. दगड सरत नाही, म्हणून तोच घासला जातो. या तत्त्वाला मर्यादा मात्र आहे आणि ती आम्ही रुग्णांना पुरेशी सांगत नाही. वळणावर तार नसेच्या एका कडेला ताणून बसते. तिथे बर त्या कडेला दाबला जातो, आणि ती कड निरोगी असली तरी तिला दबायला जागा उरत नाही. नस फाटण्याच्या बहुतेक घटना अशाच वळणांवर होतात. एलएडीच्या सरळ भागातला ब्लॉक आणि काटकोनातल्या वळणावरचा ब्लॉक, रिपोर्टात दोन्हींना 'हेवी कॅल्सिफिकेशन'च लिहिलं जातं, पण माझ्यासाठी ती दोन वेगळी ऑपरेशनं आहेत.

घासलेल्याची पूड कुठे जाते, हा प्रश्न जवळपास प्रत्येक नातेवाईक विचारतो. ती इतकी बारीक असते, की बहुतेक कण रक्तातल्या लाल पेशीहूनही लहान. केशवाहिन्यांतून पार होतात आणि पुढे यकृत-प्लीहा त्यांचा निकाल लावतात. अट एकच, घाई करायची नाही. एकदम रेटलं तर पूड जास्त पडते, कण मोठे पडतात आणि खालच्या बारीक वाहिन्या तुंबून प्रवाह मंदावतो. म्हणून पक्ष्याने दाणा टिपावा तसं करायचं: बर पुढे, टोच, मागे. पुन्हा पुढे, टोच, मागे. एका वेळी १५–२० सेकंद, मग थांबायचं, रुग्णाचा रक्तदाब आणि ईसीजी बघायचा, रक्ताला खालची पूड वाहून न्यायला वेळ द्यायचा. सोबत हेपॅरिन, नायट्रोग्लिसरीन आणि व्हेरापॅमिल घातलेलं सलाइन सतत आत जात असतं, थंडावाही देतं आणि वाहिन्या आखडू देत नाही.

कॅथलॅबमध्ये त्या वेळी आम्ही पडद्याइतकंच कानाने काम करतो. बर मोकळा फिरत असताना एक सुरेल बारीक शिट्टी येते. दगडाला टेकला की स्वर किंचित उतरतो. टेक्निशियन आकड्यावर नजर ठेवून मोठ्याने सांगत असतो, 'तीन हजार ड्रॉप, चार हजार...' पाच हजारांच्या पुढे वेग पडू द्यायचा नाही, हा नियम. पण चांगला हात आकडा ऐकायच्या आधीच मागे आलेला असतो, कारण कानाला स्वर उतरल्याचं कळलेलं असतं. मी नव्या मुलांना सांगतो, पहिल्या दहा केसेस नुसत्या डोळे मिटून ऐका. अर्धं चेष्टेत सांगतो, अर्धं खरंच.

वडील या सगळ्यात जागे असतील. मनगटातून किंवा मांडीतून नळी, तिथे भुलीचं इंजेक्शन, बाकी पूर्ण शुद्धीत. दातांच्या डॉक्टरकडच्यासारखा आवाज त्यांना ऐकू येईल, छातीत थोडा वेळ जड वाटू शकतं. आधी सांगून ठेवलं की माणूस घाबरत नाही. उजव्या नसेत रोटा करताना नाडी एकदम मंदावते म्हणून तात्पुरता पेसमेकर लावून ठेवतात. एलएडीत त्याची गरज सहसा पडत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण 'जुनी पद्धत आहे का ही' असा संशय प्रश्नात डोकावतोय. डेव्हिड ऑथ नावाच्या अभियंत्याने हे यंत्र बनवलं, १९८८ च्या सुमारास माणसाच्या हृदयात पहिल्यांदा वापरलं गेलं, १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा कल्पना अशी होती, की मोठ्यात मोठा बर घालून सगळा ब्लॉक घासून काढायचा. त्याने काही साधलं नाही. मोठ्या आणि लहान बरची तुलना झाली, मोठ्याने फायदा दिसला नाही, गुंतागुंत मात्र वाढली. मग औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि रोटाचं काम बदललं. आता नसेच्या व्यासाच्या साधारण निम्मा बर घेतात, दीड मिलिमीटर खूप झाला. दगड संपवायचा नाही, त्याचं कडं एखाद्या ठिकाणी पातळ करायचं, म्हणजे नंतरचा फुगा त्याला तडा देऊ शकेल. तडा गेला की फुग्याची कंबर एकदम सुटते, पडद्यावर ते दिसतं, आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वासही सुटतो.

मग प्रत्येक कॅल्शियमवाल्या नसेला रोटा करावा का? नाही, आणि इथे मी माझ्याच व्यवसायबंधूंच्या थोडं विरोधात बोलतोय. रोटॅक्सस नावाच्या चाचणीत २४० रुग्ण होते. रोटा आधी केलेल्यांत काम ठरल्याप्रमाणे पार पडलं ते ९२.५ टक्क्यांत, नुसत्या फुग्यावर ८३.३ टक्क्यांत, आणि फुग्याच्या गटातल्या सुमारे १२ टक्के लोकांना ऐनवेळी रोटाच घ्यावा लागला. पण नऊ महिन्यांनी पाहिलं तर रोटाच्या गटातले स्टेंट उलट जरा जास्त आकसले होते. २०१८ च्या प्रिपेअर-काल्कमध्ये २०० रुग्णांत रोटाची गाठ धार असलेल्या फुग्यांशी होती, तिथे ९८ टक्के विरुद्ध ८१ टक्के असा निकाल लागला. तोही प्रामुख्याने टेबलावरच्या यशाचा, पुढच्या आयुष्याचा नव्हे. सगळ्यात मोठी चाचणी अलीकडची, इक्लिप्स, २००५ रुग्णांची. तिच्यात रोटाचं चुलत भावंड असलेल्या ऑर्बिटल यंत्राची साध्या फुग्याशी तुलना केली. एका वर्षाने त्या नसेशी संबंधित मृत्यू, झटका किंवा पुन्हा कराव्या लागणाऱ्या उपचाराचं प्रमाण ११.५ आणि १० टक्के, म्हणजे फरक नाहीच. काही जण यावरून 'घासायची यंत्रं निरुपयोगी' असं म्हणू लागले. तसा अर्थ मी काढत नाही. त्या चाचणीत दोन्ही मार्गांनी जमेल असं डॉक्टरांना वाटलं तेच ब्लॉक घेतले होते. जिथून फुगा जातच नाही असा दगड तिच्यात आलाच नव्हता. पण जिथे फुगा जातो आणि पूर्ण उघडतो, तिथे केवळ रिपोर्टात 'हेवी' लिहिलंय म्हणून रोटा काढणं मला पटत नाही, हे मात्र त्यातून नक्की निघतं.

ऑर्बिटलविषयी एवढंच, की त्यातला हिरेजडित मुकुट तारेच्या मध्यावर नसून एका बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे तो गोफणीसारखा घेर घेत फिरतो, वेग मिनिटाला ८० हजार किंवा १ लाख २० हजार. पुढे जाताना आणि मागे येतानाही घासतो. तुमच्या डॉक्टरांकडे जे यंत्र आहे आणि ज्यावर त्यांचा हात बसलाय ते चांगलं. या दोघांतल्या फरकापेक्षा हाताचा फरक मोठा आहे.

शॉकवेव्हचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्याच्याभोवती थोडी जादू तयार झालीय. किडनीचा खडा बाहेरून लहरींनी फोडतात, तेच तत्त्व. १२ मिलिमीटर लांबीच्या फुग्यात द्रव भरलेला, आत बारीक ठिणग्या पाडणारी टोकं. फुगा फक्त ४ ॲटमॉस्फिअरवर, हलकेच भिंतीला टेकवतात आणि सेकंदाला एक याप्रमाणे दहा झटके देतात. लहर मऊ भागातून निघून जाते, दगडात तडे पाडते. मग रक्त वाहू द्यायचं, पुन्हा दहा. पूड उडत नाही, नस फाटण्याची भीती कमी, शिकायलाही सोपं. अमेरिकेत हृदयाच्या नसांसाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मोठी नस, चारी बाजूंनी जाड कडं, आणि मधून फुगा जाण्याइतकी वाट, अशा वेळी मी स्वतः रोटापेक्षा शॉकवेव्ह आधी मागवतो. भिंतीत खोलवर बसलेल्या कॅल्शियमपर्यंत ही लहर पोचते. रोटा पोचत नाही, कारण बर फक्त जिथे टेकतो तिथेच घासतो.

अडचण त्या 'फुगा जाण्याइतकी वाट'मध्ये आहे. शॉकवेव्हचा फुगा जाडसर असतो. सुईच्या नेढ्याएवढ्या फटीतून तो जात नाही. तुमच्या डॉक्टरांनी रोटा म्हटलं त्यामागे बहुधा हेच असावं, त्यांना विचारून खात्री करा. अनेकदा दोन्ही लागतात: सव्वा मिलिमीटरच्या बरने आधी वाट करायची, मग त्या वाटेने शॉकवेव्हचा फुगा न्यायचा. आणि काही ठिकाणी दोघांचीही कसोटी लागते. कॅल्शियमचा ओबडधोबड गड्डा नसेच्या पोकळीत वर आलेला असतो, त्याला आम्ही नोड्यूल म्हणतो. तो दबतो, थोड्या महिन्यांनी पुन्हा स्टेंटच्या जाळीतून डोकं काढतो. त्यावर समाधानकारक उत्तर अजून कुणाकडेच नाही.

धोक्याचं बोलू. नस फाटणं आणि बर अडकणं, अनुभवी हातात प्रत्येकी शंभरात एक-दोनच्या आत. काही वेळापुरता प्रवाह मंदावणं त्याहून जास्त वेळा होतं, पण औषधांनी बहुधा सुधारतं. नस फाटली तर आतून आवरण असलेला स्टेंट बसवतात, हृदयाभोवती रक्त साचलं तर सुईने काढतात, क्वचित शस्त्रक्रिया.

बर अडकण्याचा अनुभव मी एकदा घेतलाय. चूक माझीच. ब्लॉकचा शेवटचा तुकडा राहिला होता, टेबलावरच्या पेशंट बाई दमल्या होत्या, मीही दमलो होतो, आणि मी टिपण्याऐवजी रेटलं. फिरता बर घर्षण कमी असल्यामुळे अरुंद जागेतून सुळकन पलीकडे गेला आणि तिथेच बसला. मागे ओढला तर येईना. वर सांगितलं ना, मागचा अर्धा भाग गुळगुळीत असतो? हिरे फक्त पुढे. म्हणजे गेलेल्या वाटेने घासत परत यायची सोयच नाही. शिट्टी बंद पडलेली, ईसीजी बदलायला लागलेला, खोलीत कुणी बोलत नव्हतं. शेवटी बाजूने दुसरी तार घातली, तिच्यावरून छोटा फुगा नेला, बरच्या शेजारी फुगवला, जागा झाली आणि बर सुटला. अर्ध्या तासाचा खेळ. बाई तीन दिवसांनी घरी गेल्या. त्यानंतर शेवटचा तुकडा राहिला असं मला वाटलं, की मी हात काढून घेतो आणि एक मिनिट मागे जाऊन उभा राहतो.

आता बायपास. तुमच्या प्रश्नात बाकीच्या दोन नसांविषयी काहीच नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथेच अडलाय. मधुमेह असताना दोन-तीन नसांत मोठे ब्लॉक असतील तर बायपासचं पारडं जड आहे. फ्रीडम चाचणीत असेच १९०० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात स्टेंटच्या गटात २६.६ टक्क्यांना, बायपासच्या गटात १८.७ टक्क्यांना. हा फरक लहान नाही, आणि कॅल्शियमने तो कमी होत नाही. त्यामुळे तिन्ही नसा खराब असतील, किंवा डावी मुख्य नस सापडलेली असेल, तर रोटा किती सफाईने जमेल या चर्चेआधी सर्जनची भेट घ्या. सर्जनलाही दगड नको असतो बरं का. जोड द्यायला पुढे मऊ जागा हवी, आणि महाधमनीच चिनी मातीसारखी कडक झाली असेल तर तिथे चिमटा लावणं धोक्याचं. फक्त एलएडीचा ब्लॉक असेल, पुढची नस चांगली असेल, तर रोटा करून स्टेंट हा पूर्णपणे सन्मान्य मार्ग आहे. छातीच्या आतली धमनी एलएडीला जोडणारी बायपासही तितकीच सन्मान्य. तिथे वय, मूत्रपिंड, फुप्फुसं, घरातली काळजी घेणारी माणसं, या सगळ्याचा विचार होतो.

आणि घाई नाही. झटका आलेला नाही, विश्रांतीत दुखत नाही, फक्त जिन्यावर दडपण येतं. अशा स्थिर रुग्णांवरच्या इस्केमिया चाचणीत ५१७९ जण होते. लगेच अँजिओप्लास्टी-बायपास करणाऱ्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू किंवा झटके यांचं प्रमाण सारखंच निघालं. दुखणं मात्र उपचाराने जास्त कमी झालं. डाव्या मुख्य नसेचे रुग्ण आणि हृदयाची ताकद फार घटलेले रुग्ण तिच्यात नव्हते, हे लक्षात ठेवा. पण तुम्हाला दुसरं मत घ्यायला, औषधं नीट चालू करून दोन-तीन आठवडे बघायला वेळ आहे. बसल्या जागी दुखायला लागलं किंवा कमी श्रमात दुखायला लागलं, तर हा वेळ संपला असं समजून लगेच दाखल करा.

मूत्रपिंडासाठी दोन गोष्टी: आदल्या दिवशी सलाइन द्यायचं का ते विचारा, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची तेही. आयव्हसच्या मदतीने फार कमी डायमध्ये काम होतं, जमलं नाही तर दोन टप्प्यांत करतात. दोन टप्पे म्हणजे काहीतरी बिघडलं असा अर्थ घेऊ नका.

डॉक्टरांना काय विचारायचं? आतून चित्र घेणार का, हे विचारा. वर्षाला किती रोटा करता, हेही बिनधास्त विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही. सर्वांत महत्त्वाचं मात्र असं विचारा: फुगा पूर्ण उघडला नाही तर तुम्ही काय कराल? 'मग जास्त दाबाने स्टेंट बसवू' हे उत्तर आलं तर दुसरीकडे जा. 'आज थांबू, जखम भरू देऊ, दुसरं साधन घेऊन काही आठवड्यांनी पुन्हा येऊ' असं म्हणणाऱ्याच्या हाती मी माझे वडील देईन.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी एक गैरसमज आधीच निपटून टाकतो, कारण कुणीतरी सांगणारच. स्टॅटिन घेणाऱ्यांचा कॅल्शियम स्कोर वाढतो, हे खरं. पण तो चरबीचा मऊ, फुटका थर घट्ट होत असल्यामुळे वाढतो, आणि झटका मऊ थर फुटून येतो. गोळी बंद करायची नाही. रोटा झाल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर. दूधही बंद करायचं नाही. पिण्यातलं कॅल्शियम नसेत जाऊन बसत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेत असतील तर तेवढं दाखवून घ्या.

एक शेवटचं, आणि हे आईलाच विचारा, तिला नक्की माहीत असेल. बर सरकावा म्हणून कधी कधी जे वंगण वापरतात त्यात अंड्यातले घटक असतात. वडिलांना अंड्याची ॲलर्जी असेल तर दाखल होतानाच्या कागदावर ते ठळक लिहा आणि कॅथलॅबच्या दारात नर्सला तोंडानेही सांगा. ते वंगण न वापरताही रोटा होतो, फक्त आधी कळायला हवं.